घोडं पेंड खातं ते इथेच: घाणा, अमळनेर आणि एका लिटर तेलाचा हिशोब

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नाही, किंवा जे लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतात, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' बरेचसे काढलेत. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते, ती मात्र राहू दिली. विषयच तेलाचा आहे, स्वयंपाकघर येणारच.

हा भाग सुरू झाला माझ्या मामामुळे. मामा अमळनेर तालुक्यात राहतो. शेती आहे, थोडी उधारीही आहे. गेल्या दिवाळीत त्याने जाहीर केलं की तो लाकडी घाणा टाकणार. मोटरवर चालणारा, हल्ली शहराच्या प्रत्येक नाक्यावर दिसतो तसला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची 2020 पासूनची योजना आहे, त्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बाकीचं बँकेचं कर्ज. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो, तो त्याने कुणाकडून तरी पैसे देऊन करून घेतला होता. आणि घरात एक बीटेक झालेला भाचा आहे म्हटल्यावर रिपोर्ट तपासायला माझ्याकडे आला.

मी काय केलं? जे माझ्यासारखे सगळे करतात तेच. लॅपटॉप उघडला, एक्सेल शीट बनवली. शेंगदाण्यात 48 टक्के तेल असतं असं वाचलं होतं. म्हणजे 100 किलो दाण्यांतून 48 किलो तेल. पुढच्या रकान्यात 48 लिटर. दाण्यांचा भाव भागिले 48, अधिक वीज, अधिक मजुरी, अधिक बाटली. पंधरा मिनिटांत उत्तर तयार: धंदा तोट्याचा आहे, करू नकोस.

मामाने मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "भाशा, यामा ढेप कोठे शे?"

ढेप म्हणजे पेंड. तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो. खान्देशात आम्ही ढेप म्हणतो. मी ती धरलीच नव्हती. माझ्या डोक्यात ती कचरा होती, तेल निघाल्यावर विषय संपला. 'इथेच घोडं पेंड खातं' हे आपण लहानपणापासून म्हणतो, पण घोडं खातं ती पेंड कुणीतरी विकत घेतलेली असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर तीन-चार महिने मी या विषयाच्या मागे लागलो. वाचत गेलो तसं दिसत गेलं की गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडे तेल काढायच्या पद्धती बदलल्या त्या बदलांमागे निम्मी गोष्ट या ढेपेचीच आहे. ढेपेत तेल किती राहतं, ती कोण विकत घेतं आणि कोणाच्या गावात राहते.

आधी मुळापासून. बैलघाणा बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. जमिनीत पुरलेलं मोठं लाकडी किंवा दगडी उखळ, त्यात तिरकी बसवलेली जाड लाट, लाटेला आडवं लाकूड आणि त्याला जुंपलेला, डोळ्यांना झापड लावलेला बैल. बैल गोल फिरतो, लाट उखळाच्या आतल्या बाजूने दाणे रगडत फिरते. मध्ये मध्ये पाण्याचा शिपका मारायचा, त्याने तेल सुटायला मदत होते. आईचे वडील, आमचे आबा, हे करायचे. मामाला आठवतं की एक घाणा उतरायला दीड-दोन तास लागायचे आणि शाळेतून आल्यावर लाटेच्या लाकडावर वजन म्हणून बसायची ड्युटी त्याची असायची. फुकटचा पाळणा आणि फुकटचं वजन.

हे यंत्र आपल्या समाजाच्या रचनेतच मुरलेलं होतं. विदर्भाकडे तेली समाजात एकबैली आणि दोनबैली असे भेद होते, म्हणजे घाण्याला किती बैल लागतात त्यावरून माणसाची ओळख. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज तेलाचाच व्यवसाय करणारे. आणि कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएली ज्यू लोक तेल काढायचे. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. एका समाजाचा धर्म गावाला कळला तो घाणा कोणत्या दिवशी थांबतो त्यावरून! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दोघांना थांबवून सांगितलं होतं.

आबांचा हिशोब कसा असायचा हे मामाला विचारलं. आबा दाणे विकत घ्यायचे कमी. शेतकरी आपले दाणे किंवा तीळ घेऊन यायचा, तेल घेऊन जायचा. पैसे? बहुतेकदा नाहीच. आबा ढेप ठेवून घ्यायचे, तीच मजुरी. त्यातली थोडी आपल्या बैलाला, बाकीची दूधवाल्यांना. या व्यवस्थेकडे आता इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं की कळतं, आबांच्या डोक्यावर दाण्याच्या भावाची जोखीम शून्य होती. भाव पडो की चढो, ती शेतकऱ्याची गोष्ट. आबांना फक्त ढेपेचं गिऱ्हाईक लागायचं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

100 किलो शेंगदाणे. त्यात 48 किलो तेल आणि 52 किलो बाकीचं: प्रथिनं, तंतू, पाणी वगैरे. कोणतीही पद्धत सगळं तेल काढू शकत नाही. थोडं ढेपेत राहतंच. बैलघाण्याच्या ढेपेत साधारण 10 ते 14 टक्के तेल उरतं. लोखंडी एक्सपेलरच्या ढेपेत 6 ते 8 टक्के. आणि सॉल्व्हंट पद्धतीत, म्हणजे रसायनात धुऊन काढलं तर, एक टक्क्याच्या आसपास. 12, 7 आणि 1 धरू. मग घाण्यातून साधारण 41 किलो तेल आणि 59 किलो ढेप. एक्सपेलरमधून 44 किलो तेल, 56 किलो ढेप. सॉल्व्हंटमधून साडेसत्तेचाळीस किलो तेल. याला धंद्यात 'उतारा' म्हणतात. माझ्या शीटमधला 48 चा उतारा या जगात कुणालाच मिळत नाही.

दुसरी चूक त्याहून मजेदार होती. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर शेंगदाणा तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 41 किलो तेलाचे 45 लिटर होतात. मी किलोला लिटर समजलो होतो. म्हणजे उतारा जास्त धरला ही एक चूक, लिटर कमी धरले ही दुसरी, आणि दोन चुकांनी एकमेकींना बरंचसं झाकून टाकलं. 48 आणि 45, फार फरक दिसत नाही. कोडिंग करणाऱ्या मित्रांनो, दोन बग मिळून टेस्ट पास करतात तेव्हा काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि हो, मामाने पैसे देऊन घेतलेल्या त्या रिपोर्टमध्येही 48 चाच आकडा होता.

तिसरी चूक ढेपेची. समजा दाणे 110 रुपये किलो. 100 किलोचे 11,000. ढेप सोडून दिली तर 45 लिटरला भागून लिटरमागे 244 रुपये फक्त दाण्याचे. पण 59 किलो ढेप समजा 40 रुपयांनी गेली तर 2,360 रुपये परत आले. उरले 8,640, लिटरमागे 192. एका ओळीने लिटरचा खर्च 52 रुपयांनी खाली! (हे भाव मी सोयीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे घालून बघा, खेळ तोच राहतो.)

आता इतिहासाकडे वळू. कारण हेच गणित दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधले लोक करत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्सेय या बंदरात तेलाच्या आणि साबणाच्या गिरण्यांची गर्दी झाली होती. त्यांना तीळ आणि भुईमूग हवा होता, आणि तो भारतातून जहाजं भरभरून जायचा. तेल नाही, बिया जायच्या. कारण तेलाएवढीच त्यांना पेंडही हवी होती, युरोपातल्या गुरांसाठी आणि शेतांसाठी. इंग्रज सरकारने भारतातल्या शेतीचा अभ्यास करायला जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पाठवला होता. त्याच्या 1893 च्या अहवालात तेलबियांची निर्यात म्हणजे जमिनीचा कस बाहेर पाठवणं आहे ही चिंता येते. तेल हे मुळात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे हवा आणि पाण्यातून आलेलं. जमिनीतून घेतलेला नायट्रोजन, स्फुरद, पालाश सगळा पेंडीत असतो. तेल विकलं तर रानाचं फारसं काही जात नाही. बी विकलं तर रानाचं खत जातं.

1900 मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलंडला, व्हॅलेरियस अँडरसनने एक यंत्र केलं. लोखंडी नळीत फिरणारा मोठा स्क्रू. एका बाजूने बी घाला, दुसऱ्या बाजूने पेंड पडते, खालून तेल गळतं. थांबायचं कारण नाही. घाण्यात एक घाणा उतरला की ढेप खरवडून काढा, नवा घाला, हे जे मध्ये मध्ये थांबणं आहे ते या यंत्राने संपवलं. 'एक्सपेलर' हे अँडरसनने दिलेलं नाव, आपण ते सगळ्याच स्क्रू-यंत्रांना लावतो, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

एक्सपेलर, आणि त्याआधीचे दाबयंत्रवाले कारखाने, भारतात पसरले आणि बैलघाणे मागे पडायला लागले. इथे एक माणूस गोष्टीत येतो, जो मला सगळ्यांत जास्त आवडला. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनला जाऊन हिशेबनीस झालेले, मुंबईत ऑडिटरचा व्यवसाय केलेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकलेले. म्हणजे सूट-बूटवाला सीए. हा माणूस 1934 च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा चिटणीस झाला आणि मगनवाडीत राहायला लागला. मगनवाडीत कागद, गूळ, मधमाश्या यांच्या बरोबरीने तेलघाण्यावर प्रयोग चालायचे. झवेरभाई पटेल हे त्यातले मुख्य. गावोगावचे घाणे पाहून त्यांनी सुधारलेला घाणा तयार केला, तो मगन घाणा किंवा वर्धा घाणा म्हणून ओळखला जातो. जुन्या घाण्यापेक्षा मोठा, बैलाची ताकद कमी वाया घालवणारा.

लोकांना वाटतं ही मंडळी यंत्राच्या विरोधात होती, जुनं ते सोनं म्हणत होती. मलाही तसंच वाटायचं. पण त्यांचा झगडा हिशोबाच्या वहीशी होता. गिरणीचं तेल स्वस्त, कारण उतारा जास्त. बरं, पण घाण्याच्या ढेपेत राहिलेलं ते जास्तीचं तेल नक्की वाया गेलं का? गावातल्या गाई-बैलांनी ते खाल्लं. गिरणीचं बी गावातून गेलं, तेल बाटलीतून परत आलं, पेंड मात्र कुठे गेली? गाडीभाडं कुणी दिलं? बैलाचा चारा खर्चात धरायचा, तर त्याच बैलाने पावसाळ्यात नांगर ओढला तो कोणत्या खात्यात जमा? आणि घाणा बंद पडल्यावर बसून राहिलेला तेली कोणत्या रकान्यात लिहायचा?

मी अलीकडे ऑफिसमध्ये क्लाउडचं बिल कमी करायच्या टीममध्ये होतो. तिथेही पहिला आठवडा याच्याच भांडणात गेला की कोणता खर्च कोणाच्या नावावर टाकायचा. त्यामुळे हा मगनवाडीचा सीए मला एकदम ओळखीचा वाटला.

तरी खरं सांगायचं तर घाणा हरलाच. कारण वरच्या गणितात एक गोष्ट अजून मी सांगितलेली नाही: वेळ. ढेपेचे पैसे धरल्यावर घाणा आणि एक्सपेलर यांच्या दाण्याच्या खर्चातला फरक लिटरमागे 17 वरून 11 रुपयांवर येतो. म्हणजे उताऱ्यातला फरक ढेप साधारण एक तृतीयांश भरून काढते. पण दिवसभरात घाणा जेवढं तेल काढतो तेवढं एक्सपेलर जेवणाच्या सुट्टीआधी काढतो, आणि माणूस दोन्हीकडे एकच उभा असतो. शेवटी मजुरीचा आकडा घाण्याला खाली ओढतो. कुमारप्पांना त्या मजुरीत गावाचं पोट दिसत होतं, गिरणीमालकाला तोच खर्च दिसत होता. आकडा दोघांच्याही वहीत एकच.

आता अमळनेर. साने गुरुजी जिथे शिकवायचे ते अमळनेर, आणि माझ्या मामाचा तालुका. मी ज्या क्षेत्रात काम करतो त्यातल्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक इथे जन्मली, आणि ती जन्मली तेलाची गिरणी म्हणून. 29 डिसेंबर 1945, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. मोहम्मद हाशम प्रेमजींनी काढलेली. 1977 मध्ये नाव बदलून आद्याक्षरांचं झालं: विप्रो. अमळनेरमध्ये ज्यांनी शेअर घेऊन पेटीत ठेवले आणि विसरले त्यांच्या नातवंडांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आबांनी घेतले नव्हते. मामा आजही हे वाक्य उसासा टाकूनच म्हणतो.

या गिरणीचा माल होता वनस्पती तूप. 1902 मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मानने पेटंट घेतलेली युक्ती: पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. भारतात यावर मोठा धंदा उभा राहिला, कारण साजूक तूप महाग आणि तेल स्वस्त, मधली जागा मोकळी. लीव्हर कंपनीचा शिवडीचा कारखाना 1932 मध्ये सुरू झाला, 1937 मध्ये डालडा आला. अमळनेरच्या गिरणीचा ब्रँड 'सनफ्लॉवर' वनस्पती. खान्देशात भुईमूग भरपूर, म्हणून कारखाना इथे. (या घट्ट तेलातल्या ट्रान्स फॅटचं काय, हे पुढे कळलं, 2022 पासून आपल्याकडे त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तो वेगळा भाग होईल.)

पण मला गंमत वाटली ती त्यांच्या दुसऱ्या मालाची. 787 नावाचा कपडे धुवायचा साबण. वनस्पतीच्या कारखान्यात साबण कशाला? तर कारखान्यात तेल शुद्ध करताना त्यातली आंबलेली, मोकळी झालेली आम्लं काढायला कॉस्टिक सोडा घालतात. आम्ल अधिक सोडा म्हणजे साबण. तो आपोआपच तयार होतो, फेकून द्या नाहीतर वड्या पाडून विका. म्हणजे ढेपेसारखंच. उरलेल्याला गिऱ्हाईक शोधलं की मुख्य मालाचा खर्च उतरतो.

1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परतले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. शेंगदाण्याची खरेदी तोवर अनुभवी माणसाच्या बोटांवर आणि जिभेवर चालायची. दाणा चोळायचा, चावून बघायचा आणि भाव सांगायचा. प्रेमजींनी तिथे मोजमाप आणलं. दाण्यात ओल किती, तेल किती, हे तपासून मग दर. वर पाहिलंत ना, एका लिटरच्या खर्चात दाणा केवढा मोठा आहे! यंत्रात सुधारणा करून दोन-चार रुपये वाचतील, पण खरेदीत ओलसर दाणा आला तर पाण्याला दाण्याचा भाव दिला. आमच्या क्षेत्रात आज 'डेटा बघून निर्णय' वगैरे मोठ्या गप्पा चालतात. आमच्याच तालुक्यात ते शेंगदाण्याच्या पोत्यावर करून झालं होतं.

चावून बघणाऱ्या त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

एक्सपेलरच्या पेंडीतही 6-8 टक्के तेल राहतं म्हटल्यावर ते काढायलाही कुणीतरी येणारच. हेक्झेन नावाचं, पेट्रोलच्या भावंडांतलं द्रावण. पेंड त्यात भिजवली की तेल विरघळतं, मग साधारण 69 अंशांना उकळून हेक्झेन उडवायचं, थंड करून परत वापरायचं. पेंडीत राहतं जेमतेम एक टक्का. पण ही वस्तू भडका घेते, त्यामुळे असा कारखाना घरामागच्या शेडमध्ये होत नाही. मोठं भांडवल, मोठी टाकी, दिवसाला शेकडो टन माल. 1963 मध्ये मुंबईत या कारखानदारांची संघटनाही झाली.

आता खरा मुद्दा, जो मला गणित मांडेपर्यंत दिसला नव्हता. शेंगदाण्यासारख्या तेलकट बीला पद्धत कोणतीही चालते, फरक 41 आणि 47 चा. पण सोयाबीन घ्या. 100 किलोत तेल फक्त 18. ढेपेत 12 टक्के सोडणारी पद्धत लावली तर कागदावर तेल निघेल सातच किलो! अकरा किलो ढेपेत. एक्सपेलरने 12 किलो. सॉल्व्हंटने 17. म्हणून घाण्यावर सोयाबीन कुणी घालत नाही आणि म्हणूनच सोयाबीन तेल हे कधीच गावचं तेल नव्हतं. कारखाना आधी, मग पीक. विदर्भात, मराठवाड्यात सोयाबीन पसरलं ते या कारखान्यांच्या जिवावर.

आणि बघा, 100 किलो सोयाबीनमधून तेल 17-18 किलो आणि पेंड 80 किलोच्या वर. मग मुख्य माल कोणता? पेंड. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, निर्यात होते. तेल हाच जोडमाल झाला. याचा फटका कसा बसतो ते 2021 मध्ये दिसलं. त्या उन्हाळ्यात सोयाबीनने 10,000 रुपये क्विंटलपर्यंत उडी मारली, कुक्कुटपालनवाले हैराण झाले, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात आलं तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होता. लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याला वाटतं आपण तेलबी पिकवतो. त्याचा भाव ठरतो कोंबडीच्या खुराड्यात.

शेंगदाण्याच्या ढेपेलाही असा एक धक्का बसला होता. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. कारण शोधता शोधता सापडलं, त्यांच्या खाद्यातली ब्राझीलची शेंगदाणा पेंड, आणि त्यावरच्या बुरशीचं विष. त्याला नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. मग युरोपातले नियम आवळत गेले आणि भारतीय शेंगदाणा पेंडेलाही त्याची झळ बसली. लाकडी घाण्याचं तेल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. कारखान्यातल्या सोड्याच्या धुण्यात हे विष बरंचसं निघून जातं. घाण्याचं तेल न धुता बाटलीत येतं. म्हणजे दाणा निवडून, सुका, बुरशी नसलेलाच लागतो. 'नैसर्गिक' लेबलमागे दाणे निवडणाऱ्या दोन बायकांची मजुरी असली पाहिजे. ती नसेल आणि बाटली स्वस्त असेल, तर मी तरी घेणार नाही.

पामतेलाबद्दल थोडक्यात. 1986 मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, काही वर्षं आयात खूप घटली. मग 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, तेव्हा शुल्क होतं 65 टक्के. 1998 पर्यंत ते 15 वर आलं. आज आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामच्या फळाचा हिशोबच वेगळा, त्यामुळे त्याच्याशी घाण्याने भावात लढायचं म्हणजे सायकलने मालगाडीशी शर्यत.

मग मामाने काय करावं?

मी शीट नव्याने बनवली. उतारा 41. लिटर 45. ढेपेची ओळ हिरव्या रंगात. दाणे निवडताना जाणारी घट. दाण्याचे लिटरमागे 192, त्यावर दोन माणसं, वीज, हप्ता मिळून 36, बाटली-लेबल 12, म्हणजे 240च्या आसपास. घट आणि फुकट वाटलेले नमुने वेगळे. पण एवढं सगळं होऊनही एक आकडा लाल राहिला. रोज 100 किलो चालवायचे तर दिवसाला 11,000 रुपयांचे दाणे लागणार, आणि भुईमूग वर्षभर मिळत नाही. काढणीच्या वेळी तीन महिन्यांचा साठा करायचा म्हटलं तरी महिन्याचे 25 दिवस धरून सव्वाआठ लाख रुपये पोत्यांत अडकतात. त्या कर्जाचं व्याज वेगळं. आणि तेवढ्यात दाण्याचा भाव 20 रुपयांनी पडला तर दीड लाख रुपये गोदामात बसल्या बसल्या गेले. यंत्राला अनुदान आहे. पोत्यांना नाही.

मी मामाला हे फोनवर सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग आबा काय येडा होतात का?"

नव्हते. मामाने घाणा टाकला, पण एकच, आणि दाणे विकत घेऊन साठवायचा बेत सोडला. लोक आपले दाणे, तीळ, करडई घेऊन येतात, समोर बसून तेल काढून नेतात. किलोमागे ठरलेली मजुरी द्यायची, किंवा पैसे नकोत तर ढेप ठेवून जायची. शेवटच्या पोत्याला थोडे स्वतःचे दाणे घालून तो आठवड्याला वीस-पंचवीस बाटल्याही भरतो. हप्ता निघतो. त्याच्यापुढे फार काही उरत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

गेल्या रविवारी गेलो होतो. शेडबाहेर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. मला वाटलं तेलाची गिऱ्हाइकं. दोघेही दूधवाले निघाले, ढेपेसाठी सकाळी सातपासून थांबले होते.